ड्रिल न लावता दुधाच्या दातांवर उपचार: नाशिकमधील एका बालदंतचिकित्सालयाचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या मुलीला चार वर्षे पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, तेव्हा तिच्या वरच्या दोन पुढच्या दातांवर हिरडीलगत पिवळसर तपकिरी खड्डे दिसू लागले आणि खालच्या दाढेत पोळीचा कण अडकतो ही तक्रार रोजची झाली. ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तिथे सहा दात किडल्याचे निदान झाले आणि रुग्णालयात दाखल करून, पूर्ण भूल देऊन, एकाच दिवशी सगळे दात भरून घेण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला मुळातच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. काही मुलांना त्याची खरोखर गरज असते. पण इतर काही पर्याय आहेत का, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळाले नाही. घरी याच्या अगदी उलट मत होते. दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, त्यांच्यावर खर्च कशाला, असे आमच्या आईचे म्हणणे होते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे असले, तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखतात आणि त्यांच्या मुळाशी पू झाला तर त्याची झळ त्या नव्या दातालाही लागू शकते. म्हणून आम्ही शहरातील दुसऱ्या एका खासगी बालदंतचिकित्सालयात गेलो. हे परीक्षण त्या ठिकाणच्या सेवेचे आहे.

पहिल्या भेटीत एकाही दाताला हत्यार लागले नाही. डॉक्टरबाईंनी मुलीला आरसा हातात धरायला दिला, हवेची फुंकर आधी तिच्या नखावर मारून दाखवली, आणि मगच तोंडात पाहिले. खालचे पुढचे दात स्वच्छ आणि वरचे किडलेले, एवढ्यावरून त्यांनी विचारले, ‘‘झोपताना बाटलीने दूध घ्यायची का?’’ घ्यायची, जवळजवळ तीन वर्षांची होईपर्यंत. बाटलीने दूध पिताना जीभ खालच्या दातांवर पसरते आणि त्यांना झाकून ठेवते, वरचे दात मात्र दुधात भिजत राहतात, हे आम्हाला तेव्हा कळले. त्यानंतर दोन छोटे एक्स-रे काढले आणि सहा दातांसाठी एकच उपाय न सांगता प्रत्येक दातासमोर वेगळा उपाय लिहिला. या दवाखान्याची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. कोणते औषध वा साहित्य वापरले यापेक्षा कोणत्या दातासाठी काय निवडले, यावर सगळे अवलंबून असते.

पुढच्या दोन दातांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे द्रव औषध लावले. नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३८ टक्के द्रावणात फ्लोराइडचे प्रमाण सुमारे ४४,८०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असते, म्हणजे साध्या फ्लोराइडयुक्त टूथपेस्टच्या तीसपट तरी. त्यातील चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेल्या दाताला पुन्हा घट्ट होण्यास मदत करते. जपानमध्ये हे औषध अनेक दशकांपासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. प्रत्यक्ष कृती पाहून मी थोडा ओशाळलो, इतकी ती साधी होती. ओठांना व्हॅसलीन, दाताभोवती कापूस, दात कोरडा करणे, इवल्याशा ब्रशने थेंबभर औषध आणि मिनिटभर थांबणे. इंजेक्शन नाही, घरघर नाही. चव मात्र धातूसारखी कडवट असते आणि मुलीने तोंड वाकडे केले ते घरी पोहोचेपर्यंत.

या औषधाची किंमत रंगाच्या रूपाने मोजावी लागते. जिथे कीड आहे तो भाग कायमचा काळा पडतो. निरोगी पांढऱ्या भागावर डाग बसत नाही, पण किडलेला भाग पुढच्या दातांवर असेल तर तो हसताना दिसणारच. डॉक्टरबाईंनी आधी आणि नंतरची छायाचित्रे दाखवून, एक दिवस विचार करून या, असे सांगितले, ही बाब मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. तरीही कागदावरचे छायाचित्र आणि आपल्या लेकीचे हसू यांत अंतर असते. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात एका पालकाने ‘दात घासत नाही का ही?’ असे सहज विचारले, आणि आईने आठवडाभर माझ्याशी त्याच विषयावर अबोला धरला. किडीचा मऊ तपकिरी रंग आम्हाला दिसत असूनही सहन होत होता आणि थांबलेल्या किडीचा कडक काळा रंग सहन होत नव्हता, हे विचित्रच म्हणायचे. दोन महिन्यांनी त्या दातांवर दाताच्या रंगाचे सिमेंट चढवून काळेपणा बराचसा झाकण्यात आला. हा पर्याय आहे, पण तो पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवा होता. हनुवटीवर उडालेला एक थेंब दहा-बारा दिवस तपकिरी डाग ठेवून गेला. फ्रॉकवरचा डाग अजून आहे.

वरच्या दोन दाढांचे खड्डे उथळ आणि फक्त चावण्याच्या बाजूला होते. तिथे हाताने वापरायच्या चमच्यासारख्या अवजाराने मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर नावाचे दात भरण्याचे सिमेंट बोटाने दाबून भरले. वीज किंवा यंत्र नसतानाही उपचार करता यावेत म्हणून १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली ही पद्धत आहे. हे सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटते आणि थोडे फ्लोराइड सोडत राहते. दोन दातांमधल्या फटीपर्यंत खड्डा पोहोचला असेल तर मात्र ते फारसे टिकत नाही, म्हणून खालच्या डाव्या दाढेसाठी हॉल पद्धत निवडली गेली.

स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्यबाईंच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ऐकताना अशास्त्रीय वाटते. कीड काढायचीच नाही, दात घासून लहान करायचा नाही, तयार मिळणारी स्टीलची टोपी सिमेंटसह वरून दाबून बसवायची आणि कीड आतच कोंडायची. त्यांनी वर्षानुवर्षे असे उपचार केलेल्या मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, पुढे तुलनात्मक अभ्यास झाले आणि पद्धत मान्य झाली. बाहेरून अन्न मिळणे बंद झाले की आतले जंतू निष्प्रभ होतात, एवढाच त्यामागचा विचार आहे. त्यासाठी एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यामध्ये निरोगी दाताचा थर दिसला पाहिजे. रात्री आपोआप ठणकणाऱ्या किंवा हिरडीवर पुळी आलेल्या दातासाठी ही पद्धत नाही. टोपी बसल्यावर चावा थोडा उंच होतो आणि काही आठवड्यांत आपोआप जुळतो. आमच्या मुलीला तो जुळायला तीन आठवडे लागले आणि तोवर तिने भाकरी उजवीकडूनच खाल्ली.

माझी खरी तक्रार याच टप्प्यावरची आहे. टोपीसाठी जागा व्हावी म्हणून आधी काही दिवस दोन दातांच्या फटीत रबरी रिंगा बसवतात. ‘थोडे अडकल्यासारखे वाटेल’ असे सांगितले होते; पहिल्या रात्री मुलगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, एक रिंग निघून पडली आणि दवाखान्याचा फोन दिवसभर कोणी उचलला नाही. रिंग पडली तर काय करायचे, हे एका ओळीत लिहून देता आले असते. संमतीपत्रही फक्त इंग्रजीत आहे. आमच्यासमोर एका आजोबांनी ते न वाचताच सही केली. ज्या उपचारात दात काळा होणार आहे, त्याची संमती तरी मराठीत असायला हवी.

सहावी दाढ या सगळ्याच्या पलीकडे गेली होती. कीड नसेपर्यंत पोहोचल्याने तिला इंजेक्शन देऊन, नसेचा वरचा भाग काढून, औषध भरून मग टोपी बसवावी लागली. तोवर चार भेटी झालेल्या असल्याने मुलगी खुर्चीला सरावली होती, आणि सुईच्या वेळी ती रडली ती अर्धा मिनिट. पहिल्याच दिवशी हे केले असते तर काय झाले असते, याचा अंदाज मी करू शकतो.

खर्चाविषयी सांगायचे तर सहाही दातांचा मिळून खर्च पहिल्या दवाखान्याने भुलीसह सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी झाला. त्यात कामावरून घेतलेल्या सहा अर्ध्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत. ज्यांना खासगी खर्च परवडत नाही त्यांनी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या बालदंतरोग विभागात चौकशी करावी.

ड्रिल टळले तरी मेहनत टळली नाही. तिचा बराचसा वाटा घरी आला. रात्रीचे ब्रश आता मोठ्या माणसाने करायचे, तेही वाटाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने, आणि नंतर चूळ न भरता फक्त थुंकायचे. गोड बंद करायला कोणी सांगितले नाही. दिवसातून किती वेळा खाल्ले जाते ते मोजायला सांगितले. ते मोजल्यावर संध्याकाळच्या बिस्किटांचे प्रकरण उघडकीस आले, आणि त्यात आईचा हात होता.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत एका पुढच्या दाताच्या कडेला, सिमेंटच्या बाहेर, अवजाराचे टोक किंचित रुतले, म्हणजे तिथली कीड पूर्ण थांबलेली नव्हती. औषध पुन्हा लावले. वर्षाच्या तपासणीत ती जागा कडक लागली. पहिली टोपी अजून घट्ट आहे, एका वरच्या दाढेचे सिमेंट कडेने झिजले आहे आणि त्याचा निर्णय दिवाळीनंतरच्या भेटीत होणार आहे. त्या भेटीची आठवण करून देणारा संदेश दवाखान्याकडून कालच आला, आणि तो मराठीत होता.