आयोना ॲबी: भांडी घासा, प्रार्थना करा, हिशेब द्या

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती लोकांनी निदान एकदा तरी आठवडाभर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर, तिथल्या ॲबीत म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठात, राहून यावं, असं मी मनापासून सांगते. ग्लासगोहून ओबान, तिथून मोठ्या बोटीने मल बेट, मग बसने फिओनफोर्ट आणि शेवटी छोटी बोट. प्रवासात दिवस जातो. वारा चढला की बोटी बंद राहतात, म्हणून परतीच्या दिवसालाच लागून विमानाचं तिकीट काढू नका.

हे हॉटेल नव्हे. खोली इतरांबरोबर वाटून घ्यायची, जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं आणि कामंही वाटून घ्यायची. माझ्या वाट्याला न्याहारीची भांडी आली. शेजारी भांडी पुसत होत्या एक निवृत्त शिक्षिका, हा मठ चालवणाऱ्या आयोना कम्युनिटी या ख्रिस्ती संघाच्या सभासद. नवी गाडी घ्यायचं त्यांच्या मनात होतं. आपल्या गटात त्यांनी ते सांगितलं, बाकीच्यांनी प्रश्न विचारले, शेवटी जुनीच गाडी दुरुस्त करून घेतली. हे त्या अगदी सहज सांगत होत्या, हातातलं पातेलं पुसता पुसता.

सभासदांचा नियमच तसा आहे. रोजची प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचं वाचन, न्याय आणि शांतीसाठी काम, आणि आपला पैसा, वेळ कुठे गेला याचा एकमेकांना हिशेब. दरवर्षी ही बांधिलकी नव्याने स्वीकारायची. आमच्या नगरकडे दशांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचं, पाकीट वेळेवर हातात पडतं, पण उरलेल्या नऊ हिश्शांचं काय केलंस, असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारायला हवं, असं मला तिथे फार वाटलं. दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने पक्की करताना, सगळ्या मंडळीसमोर आपण जे कबूल करतो, त्याची पुढे आठवण तरी कोण करून देतं?

ही कम्युनिटी १९३८ मध्ये जॉर्ज मॅक्लाउड यांनी सुरू केली. ते ग्लासगोतल्या गोव्हनचे पाळक. मंदीत गोदीकामगार बेकार झालेले त्यांनी जवळून पाहिले होते. बेकार कारागीर आणि पाळकपणाचं शिक्षण घेणारे तरुण यांना बरोबर घेऊन त्यांनी मठाच्या पडक्या इमारती पुन्हा उभ्या केल्या. तिथल्या भिंतींकडे बघताना मला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा देवाचा दरबार सारखा आठवत होता. १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्यात त्यांनी तो मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवलं. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार टिकला नाही. एकमेकांना हिशेब देणारे असे छोटे गट त्याला लाभले असते तर, हा विचार मी अजून करते.

सकाळ-संध्याकाळच्या उपासना साध्या आहेत, गाणी चटकन तोंडी बसतात. चांगला रेनकोट न्या, त्या वाऱ्यात छत्रीचा काही उपयोग नाही. ज्यांना एकांतच हवा आहे त्यांनी दुसरी जागा बघावी. तरुण मुलं असलेल्या घरांनी मात्र मुलांना घेऊनच जावं, आणि भांड्यांच्या कामाला त्यांनाही लावावं.