दोनदा फॉरमॅट मारूनही व्हायरस जाईना, तो इथे गेला

परळला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसाला तीस-चाळीस गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लागतात. यंदा लग्नपत्रिकांच्या ऐन हंगामात पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले. जवळच्याच एकाने दोनदा फॉरमॅट मारून दिलं, दर वेळी सहाशे रुपये. चार दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तो म्हणाला, हार्ड डिस्कच बदला. तेव्हा मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरचं हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं.

इथल्या काकांनी आधी मशीनला हातच लावला नाही. विचारलं, "ताई, फॉरमॅटच्या आधी डेटा कशात काढून ठेवला होता?" माझ्याच पेनड्राइव्हमध्ये. तो त्यांनी लिनक्सच्या लॅपटॉपला लावला (विंडोजऐवजी दुसरी सिस्टिम, तिथे हा व्हायरस चालत नाही) आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'पत्रिका' म्हणून मी रोज जो फोल्डर उघडायचे, तो फोल्डर नव्हताच. नावाच्या शेवटी 'डॉट एलएनके', म्हणजे नुसता शॉर्टकट, साइझ २ केबी. खरा फोल्डर शेजारी लपवलेला आणि त्याच्या जोडीला एक स्क्रिप्टची, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची, फाइल. तोच व्हायरस. मी डबल क्लिक केलं की फोल्डर उघडायचा आणि स्क्रिप्टही चालायची. म्हणजे डिस्क दोन्ही वेळा साफ झाली होती. व्हायरस मीच परत आत घेत होते. अंगावर काटा आला.

मी विचारलं, मग फॉरमॅटमधून काहीच वाचत नाही का? त्यांनी नीट समजावलं. क्विक फॉरमॅट फक्त नवी अनुक्रमणिका लिहितो, तीही एकाच पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या एकाच भागाची. डी ड्राइव्हला धक्का लागत नाही. १९९२ साली गाजलेला मायकेलअँजेलो व्हायरस हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या, पार्टिशनच्या बाहेरच्या मास्टर बूट सेक्टरमध्ये बसायचा, तिथे साधा फॉरमॅट पोचत नसे. २०१८ मध्ये सापडलेला लोजॅक्स तर मदरबोर्डच्या चिपमध्ये राहायचा, डिस्क बदलली तरी टिकायचा. "पण तसले फार दुर्मीळ. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही, उगाच बायोसचे, म्हणजे त्या चिपमधला प्रोग्रॅम नव्याने टाकायचे, पैसे कशाला घेऊ?" हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झाले.

सगळी पार्टिशन उडवून विंडोज नव्याने टाकलं, लपलेले फोल्डर 'अ‍ॅट्रिब' कमांडने बाहेर काढले, डेटा तपासून मगच परत भरला. एकही पत्रिका गेली नाही. दोन दिवस, बाराशे रुपये, बिलासकट.

जिना अरुंद आहे, बसायला जागा नाही आणि दुपारी फोन उचलत नाहीत. सकाळी अकराला जा.

गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आता मी काकांनीच बसवून दिलेल्या जुन्या लिनक्सच्या मशीनवर उघडते आणि तिथून फक्त पीडीएफ पुढे घेते. दोन महिने झाले, शॉर्टकट दिसलेला नाही.