रातकिड्यांचं गट-लोडिंग : सात-आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेकीने गेल्या वर्षी बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू आणलं आणि तेव्हापासून घरात जिवंत रातकिड्यांचा डबा असतोच. त्या किड्यांना आधी नीट खाऊपिऊ घालून मग सरड्याला द्यायचं, म्हणजेच गट-लोडिंग (इंग्रजी gut, म्हणजे किड्याचं पोट भरणं), हे सात-आठ महिने चालू आहे, बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

मुळात किड्यांना हाडं नसतात, त्यामुळे अंगात कॅल्शियम अगदीच कमी आणि फॉस्फरस भरपूर. रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस, मीलवर्ममध्ये (भुंग्याच्या अळ्या) तर पंधरापटीच्या वर, आणि वाढत्या पिल्लाला पाहिजे नेमकं उलटं, कॅल्शियम दीड-दोनपट. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो, पाय थरथरतात. किड्याचं अंग आपण बदलू शकत नाही, पोट मात्र भरू शकतो.

दुकानातले किड्यांना खायला घालायचे जेलीचे क्यूबही आणून बघितले. लेबलवर कॅल्शियम एक टक्क्याच्याही खाली! पाण्याची सोय म्हणून ठीक आहेत, पण गट-लोड म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही, कारण खाद्यात 8 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असेल तरच फरक पडतो. म्हणून आता घरीच करते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य 90 ग्रॅम (त्यात 4 टक्के कॅल्शियम असतंच) आणि साधी कॅल्शियम कार्बोनेट पावडर 10-11 ग्रॅम. मिक्सरला एकदम बारीक दळायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचं, हे टाळू नका, कारण भरड राहिलं की रातकिडे दाणे दाणे वेचून खातात आणि पांढरी पावडर तशीच तळाशी पडून राहते. दोन दिवस फक्त हेच आणि पाण्याचे जेल-क्रिस्टल. गाजर, भोपळा त्या दोन दिवसांत काढून घ्यायचा, नाहीतर सगळे त्यावरच तुटून पडतात आणि पावडरीकडे कोणी बघत नाही.

दोन दिवसांच्या वर मात्र ठेवू नका, एवढं कॅल्शियम किड्यांनाही सोसत नाही, मरायला लागतात. आणि डब्यातून काढले की लगेच द्या, उपाशी राहिले की पोट रिकामं होतं, मग सगळी मेहनत वाया.

किड्यांच्या अंगाला वरून कॅल्शियम पावडर लावणं बंद केलेलं नाही हं. पण रातकिडे अंग साफ करत बसतात, पाच-दहा मिनिटांत निम्मी पावडर झटकलेली असते, पोटातलं असं झटकता येत नाही, म्हणून मला दोन्ही लागतं. यूव्हीबी ट्यूबही (अतिनील किरणांचा दिवा) हवीच, तिच्याशिवाय सरड्याच्या अंगात व्हिटॅमिन डी-3 तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

ज्यांना हा व्याप नको त्यांनी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आणाव्यात, त्यांच्यात मुळातच फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. आमचं पिल्लू त्या आठवड्यातून दोनदाच खातं, बाकी दिवस त्याला पळणारं काहीतरी लागतं. परवा व्हेटने एक्स-रे काढला, हाडं छान भरलेली आहेत म्हणाले, त्यामुळे हेच पुढे चालू ठेवणार.