फलाफल की साबिख?

तेल अवीवमध्ये पिटाच्या, म्हणजे खिशासारख्या पोकळ रोटीच्या, टपरीसमोर उभं राहिलं की प्रश्न हाच. फलाफल म्हणजे भिजवलेले, पण न शिजवलेले काबुली चणे वाटून, कोथिंबीर-जिरं घालून तळलेले गोळे. आपल्या डाळवड्याचा चुलतभाऊच. कढईतून थेट पिटात पडले तरच मजा, दहा मिनिटांनी भुसा.

साबिखला ती घाई नाही. इराकी ज्यूंची ही शनिवारची न्याहारी. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून वांग्याचे काप आदल्या दिवशीच तळलेले आणि अंडी रात्रभर मंद आचेवर राहून तपकिरी झालेली. १९६०च्या दशकात तेल अवीवशेजारच्या रामत गान शहरात ती पिटात शिरली. वर ताहिनी (तिळाची पातळ चटणी), काकडी-टोमॅटो आणि पिवळाजर्द, आंबट 'अंबा'. हो, आपलाच आंबा! मुंबई-बगदाद व्यापारातून कैरीचं लोणचं तिकडे गेलं, नाव चिकटूनच राहिलं. मेथी-हळदीचा तो वास बोटांना संध्याकाळपर्यंत सोडत नाही; पांढरा शर्ट घालून तर जाऊच नका.

चालता चालता खायचं तर फलाफल. साबिख गळतं, ते बसूनच खावं. अंडं नको असेल तर तसं सांगायचं. माझं म्हणाल, तर वांगं आणि कैरी एकाच घासात मिळत असताना फलाफलकडे कोण बघतंय?