फ्रीकॅड १.० : नऊ महिने, एक टिकमार्क आणि अठ्ठेचाळीस बुश

"ओ सायेब, भोकं नऊची हायत. एम८ चा टॅप आत नुसता लोळतोय."

कुपवाड एमआयडीसीतून, भोकं मारून देणाऱ्या बापूंचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागला घरी जेवत होतो. बारा हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची ओतीव घरं, प्रत्येकाला ८८ पीसीडीवर (८८ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) चार भोकं, त्यांत टॅपने आटे पाडायचे. मी म्हटलं, बापू, ड्रॉइंगवर एम८, म्हणजे आठच्या बोल्टचे आटे, लिहिलंय की. ते म्हणाले, "ड्रॉइंग तुमच्याकडं. मला तुम्ही फाईल दिली. फाईलमध्ये नऊ हाय, नऊ मारलं."

बरोबरच होतं त्यांचं. घास तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. फ्रीकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर सॉलिड मॉडेल करायचं फुकटचं सॉफ्टवेअर. त्याच्या होल कमांडमध्ये आयएसओ मेट्रिक निवडलं, साइज एम८ निवडला, पण 'थ्रेडेड' (आटेवालं) नावाच्या चौकोनात टिकमार्क नव्हता. तो नसला की हे सॉफ्टवेअर समजतं की एम८ चा बोल्ट आरपार जायचाय, आणि क्लिअरन्सचं ९ मिमी भोक देतं. टिकमार्क असता तर टॅपिंगचं ६.८ मिळालं असतं. स्क्रीनवर ६.८ आणि ९ शेजारी ठेवले तरच फरक दिसतो, एरवी भोक ते भोक.

बरं, नऊचं भोक म्हणजे धड इकडचं नाही की तिकडचं. एम१० करावं तर त्याला ८.५ चं ड्रिल लागतं, ते आधीच ओलांडलेलं. शेवटी १०.२ चं ड्रिल मारून एम१२ टॅप केला, लेथवर बाहेरून एम१२, आतून एम८ असे एमएसचे (साध्या पोलादाचे) बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, काढले आणि लॉकिंगचं केमिकल लावून बसवले. बारा चोक अठ्ठेचाळीस. पैसे माझ्या खिशातून. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईकाने, एकदाच म्हणून चालवून घेतलं, पण फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता आणि पहिलं वाक्य होतं, "फुकट ते पौष्टिक नसतं." ते आता खोडलंय, पण पूर्ण मनापासून नाही.

थोडं मागचं सांगतो. माझं काम म्हणजे पार्टीकडून मापं टाकलेलं ड्रॉइंग येतं, कधी पीडीएफ, बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर तिरका फोटो. त्यावरून सॉलिड मॉडेल करून द्यायचं, पॅटर्नवाल्याला (ओतकामाचा नमुना करणारा) किंवा व्हीएमसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन असलेला). आधी एक पैशाचं सॉफ्टवेअर होतं, नाव घेत नाही. दरवर्षी रिन्यूअलच्या महिन्यात डीलरचे गोड फोन सुरू, आणि अडचण सांगायला आपण फोन केला की "टिकीट रेझ करा सर". दोन मुलांची शाळेची फी आणि ते रिन्यूअल एकाच महिन्यात यायचं. गेल्या वेळी फी भरली.

फ्रीकॅड मी २०२१ मध्ये ०.१९ असताना एकदा बघून टाकून दिलं होतं. तेव्हा बेसची जाडी बदलली की वरचं अर्धं मॉडेल तुटायचं, कारण पुढच्या फीचरने धरलेल्या फेसचं (पृष्ठभागाचं) नावच आत बदलून जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं, त्यात यावर बरंच काम झालंय हे वाचून पुन्हा घेतलं. हाउसिंगचा बेस १६ चा १८ केला, बॉस (गोल उंचवटा), रिब (आधाराची पट्टी), भोकं सगळी जागेवर. मुद्दाम चारदा बदलून बघितलं. त्या दिवशी बायकोला बोलावून दाखवलं, ती "छान आहे" म्हणून भडंगाला फोडणी द्यायला निघून गेली.

पण ज्या गोष्टीसाठी मी याला चिकटून राहिलो ती वेगळीच. स्केच, म्हणजे मॉडेलची सपाट रेखाकृती, मापांनी पूर्ण बांधलं गेलं की हिरवं होतं. ते होईपर्यंत किती डिग्री ऑफ फ्रीडम शिल्लक आहेत, म्हणजे ते अजून किती प्रकारे हलू शकतं, ते सांगत राहतं. याच हाउसिंगच्या बेसवर, ६२ बोअर (बेअरिंग बसायचं मोठं भोक), ६२०६ बेअरिंगचं साधं हाउसिंग हो, खाचांची मापं होती : कडेपासून २०, मग ११९, मग पुन्हा २०. वर एकूण लांबी १६०. मी मुकाट्याने चारही टाकली आणि सॉफ्टवेअर अडून बसलं, मापं एकमेकांत भांडतायत म्हणून. दहा मिनिटं मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. मग बोटावर बेरीज केली : १५९.

पार्टीला फोन केला. "अहो ते १२० आहे, गेल्या वर्षीपासून तसंच चाललंय." खाचा लांबट, बोल्ट एक मिमी इकडे तिकडे सरकतो, त्यामुळे वर्षभर कुणालाच कळलं नव्हतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी अर्धी मापं डोळ्याने जुळवून पुढे जायचो, ती चूक तिथे सापडली असती असं वाटत नाही. आता नवीन ड्रॉइंग आलं की आधी बोअरचा सेंटर ओरिजिनवर (शून्य बिंदूवर), मग सगळी मापं जशीच्या तशी टाकायची. हिरवं झालं नाही तर माप राहिलंय, भांडलं तर ड्रॉइंग चुकलंय. सिमेट्री लावायचा मोह आवरायचा, कारण सिमेट्री लावली की असल्या चुका झाकल्या जातात.

फिलेट, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई, मात्र अजून डोकेदुखी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "न दाखवलेले रेडियस आर३" एवढं लिहिणारा सुटतो, लावणारा अडकतो. रिब जिथे बॉसला मिळते तिथे ३ टाकलं की एरर, २.९९ टाकलं की मुकाट लागतं. कास्टिंगमध्ये तो फरक कुणाच्या बापाला कळणार नाही, पण दर वेळी आपण खोटं बोलतोय असं वाटतं. फिलेट सगळ्यात शेवटी लावा.

६२ एच७ चं, म्हणजे बोअरच्या मापाला किती सूट चालेल त्याचं, म्हणाल तर मॉडेलमध्ये ६२ च ठेवा. वरचे ३० मायक्रॉन ड्रॉइंगवर लिहा, मॉडेलमध्ये ६२.०१५ करू नका. तो शहाणपणा एकदा केलाय.

वजन काढायला व्हॉल्यूम मिळतो. या हाउसिंगचा साधारण ४,४०,००० घन मिमी, कास्ट आयर्नची घनता ७.२ धरून तीन किलो एकशेसत्तर ग्रॅमच्या आसपास. शिरोलीच्या काट्यावर कच्चं कास्टिंग तीन-आठशेच्या वर भरलं, कारण मशिनिंग अलाउन्स (मशीनवर कापून काढायचा जादा धातू) मी धरलाच नव्हता. फाउंड्री किलोवर पैसे घेते, तेव्हा कोट देताना अलाउन्ससकट दुसरं मॉडेल ठेवा.

आता पुन्हा त्या टिकमार्ककडे येतो, माफ करा. एखाद्याने एम८ निवडला म्हणजे त्याला आटे हवेत की नकोत, हे सॉफ्टवेअरने एकदा विचारायला काय हरकत होती? त्याच्याच जवळ 'मॉडेल थ्रेड' म्हणून दुसरा पर्याय आहे, तो दाबला तर मॉडेलमध्ये खरेखुरे आटे कोरत बसतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा होऊन जातो. म्हणजे नको तिथे एवढी हौस.

हे लिहून झाल्यावर एका मित्राने विचारलं, मग परत पैशाचं घेणार का? नाही. अठ्ठेचाळीस बुशांचा खर्च त्या रिन्यूअलच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय चूक माझी, ड्रॉइंग समोर होतं आणि पाठवण्याआधी एक भोक मोजायला अर्धा मिनिट लागला असता. आता फाईलबरोबर भोकांची वेगळी यादी पाठवतो, व्यास आणि टॅप, दोन्ही. कंटाळवाणं काम आहे.

परवा नवीन काम गेलं, कव्हर प्लेट, सहा एम१०. संध्याकाळी बापूंचा फोन.

"सायेब, साडेआठच न्हवं?"

"साडेआठच, बापू."

"यादीत बी साडेआठ हाय. तरी म्हटलं, इचारून घ्यावं."