ट्रूनॅट मशीन: क्षयाच्या तपासणीला उत्तम, पण अर्धी मदार हातावर

गोव्याच्या मोलबायो डायग्नॉस्टिक्सचं ट्रूनॅट आता तालुक्याच्या लॅबलाही अनोळखी राहिलेलं नाही. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी त्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी कोविडच्या तपासणीलाही ते वापरलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायचे तर एक मिली थुंकीत ते हजारोंनी असावे लागतात. ट्रूनॅटच्या एमटीबी प्लस चिपला (चिप म्हणजे चाचणीची छोटी पट्टी; एमटीबी हे क्षयाच्या जंतूचं छोटं नाव) साधारण तीस पुरतात. म्हणजे एरवी ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवले गेलेले बरेच रुग्ण इथे सापडतात.

मशीन म्हणतात खरं, पण ती दोन वेगळी यंत्रं आहेत. ट्रूप्रेप नमुन्यातून डीएनए काढतं आणि ट्रूलॅब त्यावर पीसीआर करतं, म्हणजे त्या डीएनएच्या प्रती वाढवून जंतू शोधतं. दोन्ही बॅटरीवर चालतात, एसी खोली लागत नाही. लाईट जाणाऱ्या गावात सीबीनॅटपेक्षा (क्षयाच्या तपासणीचं दुसरं यंत्र) हे उजवं ठरतं ते एवढ्याचसाठी. ट्रूलॅब तीन प्रकारांत मिळतं: उनोवर एका वेळी एक चिप, ड्युओवर दोन, क्वाट्रोवर चार. खरेदी करणारे नेमके इथे फसतात. ट्रूप्रेप एका वेळी एकच नमुना घेतं आणि त्याला वीसेक मिनिटं लागतात. पीसीआरला चाळीसेक मिनिटं. हिशोब सरळ आहे: क्वाट्रोसोबत एकच ट्रूप्रेप ठेवलं तर चारपैकी दोन खाचा बहुतेक वेळ रिकाम्याच राहणार. काम वाढलंय म्हणून क्वाट्रो घ्यायचं असेल, तर दुसऱ्या ट्रूप्रेपचे पैसे आधी बाजूला काढा.

आता कामाची रीत. थुंकीच्या डबीत लिक्विफॅक्शन बफरचे (थुंकी पातळ करणारं द्रावण) दोन थेंब टाकून, फिरवून दहा मिनिटं ठेवायचं. नमुना पातळ झाला की त्यातला अर्धा मिली लायसिस बफरच्या (जंतू फोडणारं द्रावण) बाटलीत घालून वर लिक्विफॅक्शन बफरचे आणखी दोन थेंब, आणि तीन मिनिटं थांबायचं. मग बाटलीतलं सगळं द्रावण ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये. पहिल्या दहा मिनिटांत घाई झाली की पुढे पस्तावायची पाळी येते. थुंकी तारदार राहिली तर पिपेटमध्ये नीट चढत नाही, कार्ट्रिज तुंबतं आणि ट्रूप्रेप एरर दाखवून थांबतं. थुंकी अजून चिकट दिसत असेल तर आणखी थोडा वेळ द्या, नमुना फुकट घालवू नका.

सगळ्यात नाजूक पायरी शेवटची. काढलेल्या डीएनएतले 6 मायक्रोलिटर कोरडं रसायन असलेल्या छोट्या ट्यूबमध्ये घालायचे, अर्धा ते एक मिनिट थांबायचं, आणि द्रावण स्वच्छ दिसलं की त्यातले 6 मायक्रोलिटर चिपच्या वाटीत सोडायचे. पिपेटचा खटका दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबला की वाटीत बुडबुडा आलाच. थेंब वाटीबाहेर सांडला तरी तेच. ‘इनव्हॅलिड’ आलं की आधी या दोन गोष्टी तपासा, सर्व्हिस इंजिनिअरला फोन नंतर करा. इनव्हॅलिड म्हणजे निगेटिव्ह नव्हे; चाचणी नीट झाली का ते दाखवणारा आतला कंट्रोलच चालला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाचणी पुन्हा करायलाच हवी.

एमटीबी पॉझिटिव्ह आलं की उरलेल्या डीएनएवर रिफ चिप लावायची. रुग्णाला दुसऱ्यांदा थुंकी मागावी लागत नाही, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल की नाही ते साधारण तासाभरात कळतं. सीबीनॅट ही दोन्ही उत्तरं एकाच कार्ट्रिजमध्ये देतं आणि त्यात हाताचं कामही कमी, हे मान्य करायला हवं. जंतू फारच कमी असतील तर रिफचा निकाल ‘इंडिटरमिनेट’ (नक्की सांगता येत नाही) येतो, अशा वेळी नवा नमुना घ्यायचा. आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाबद्दल मात्र या चिपा काहीच सांगत नाहीत, त्यासाठी नमुना एलपीएला (औषध लागू पडेल का ते पाहणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवता येतो.

अचूकतेचं म्हणाल, तर भारतासह चार देशांतल्या अभ्यासात साध्या केंद्रांवर एमटीबी चिपने 73 टक्के आणि एमटीबी प्लसने 80 टक्के रुग्ण ओळखले. साध्या चिपमध्ये खोटे पॉझिटिव्ह थोडे कमी, पण निवड असेल तर प्लसच घ्यावी. निगेटिव्ह आला आणि खोकला, ताप, वजन घटणं चालूच असेल तर रुग्णाला सोडू नका, एक्स-रे आणि कल्चरकडे (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) वळा. उलट, औषधं चालू असलेल्या रुग्णाची प्रगती पाहायला ट्रूनॅट वापरू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ते पकडतं, आणि बऱ्या होत असलेल्या माणसाला उगाच धास्ती बसते.

यंत्रापेक्षा जास्त घोळ डबीतच होतो. ‘थुंकी द्या’ म्हटलं की माणूस लाळ देतो. दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, तोही शक्यतो सकाळचा आणि उघड्या हवेत दिलेला. हे रुग्णाला समजावण्यात दोन मिनिटं जातात, ती द्यावीत. डबी हातात घेऊन उजेडात धरली की पाण्यासारखा नमुना लगेच ओळखू येतो, तिथेच परत मागा.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो पिपेटच्या कामासाठी.

चिपा 2 ते 30 अंशांत ठेवायच्या असतात, गोठवायच्या नाहीत. फ्रीज लागत नाही हे ऐकून खोकी पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवू नका, विदर्भातल्या मे महिन्यात तिथे पारा सहज चाळिशी गाठतो. ऑर्डर देताना रिफ चिपा एमटीबीइतक्याच मागवू नका. त्या फक्त पॉझिटिव्हना लागतात; मागच्या तीन महिन्यांचे पॉझिटिव्ह मोजून त्यावर थोड्या जास्त घ्या, नाहीतर कपाटातच एक्सपायर होतात.