फुलीचा शेजार : बटणं हलवून आठ महिने काढल्यावर

दोन तास बसून स्प्रेडशीटमध्ये आकडे भरले होते. विंडो जरा मोठी करावी म्हणून कर्सर चौकोनाकडे नेला आणि क्लिक पडलं फुलीवर. ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं विचारणारी चौकट आली. दिवसभर असल्या चौकटी न वाचता उडवून लावायची बोटाला सवय, त्यामुळे ‘नाही’ दाबलं गेलं तेव्हा डोकं अजून मागच्या रकान्यातच होतं.

सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. विंडो मोठी करणारं बटण आणि ती संपवणारं बटण एकमेकांना खेटून बसवायची रीत सगळीकडेच आहे. त्या दिवशी मी फुली उचलून डावीकडे नेली, उणे (विंडो खाली दडवणारं बटण) आणि चौकोन उजवीकडेच ठेवले. त्याला आता आठ महिने झाले.

मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर केडीई हा डेस्कटॉप वापरतो. तिथे सेटिंगमध्ये टायटल बारचं (विंडोच्या माथ्यावरच्या पट्टीचं) चित्र दिसतं, त्यावरची बटणं माउसने ओढून हवी तिथे सोडायची, की झालं. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही बटणांचा क्रम बदलता येतो. विंडोज आणि मॅकमध्ये मात्र अशी सोय मुळातच दिलेली नाही.

गंमत म्हणजे माझी मांडणी नवी नाहीच. जुन्या मॅकवर बंद करायचा चौकोन डाव्या टोकाला असे आणि आकार बदलायचा उजव्या टोकाला. मध्ये अख्खा टायटल बार. विंडोज ३.१ मध्ये उजवीकडे फक्त दोन बाण असायचे आणि विंडो बंद करायची तर डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर डबल क्लिक करावं लागे. म्हणजे चुकून बंद होणं अवघडच. मग विंडोज ९५ ने फुली आणून उजव्या कोपऱ्यात चौकोनाशेजारी बसवली, आणि २००१ मध्ये मॅक ओएस एक्सने तिन्ही बटणांचे रंगीत ठिपके करून डावीकडे एकत्र गोळा केले. एकाने उजवीकडे, दुसऱ्याने डावीकडे, पण फुलीला शेजार दोघांनीही दिला.

आणि आपण भांडत बसलो ते डावं की उजवं यावर. उबुंटू या लिनक्सच्याच एका अवताराने २०१० मध्ये, १०.०४ या आवृत्तीत, तिन्ही बटणं डावीकडे नेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! २०१७ च्या १७.१० मध्ये ती परत उजवीकडे आली. या सगळ्या वादात मीही हिरिरीने उजव्या बाजूने बोलायचो. आता वाटतं, प्रश्नच चुकीचा होता.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. हात आपसूक उजव्या कोपऱ्याकडे जायचा. तिथे आता चौकोन होता, त्यामुळे विंडो बंद व्हायच्या ऐवजी आकसायची. बंद करायला गेलो आणि चुकलो तर नुकसान शून्य, हे खरं. पण वैताग येतोच. साधारण दीड महिन्याने हात वळला. तेव्हापासून नको असताना विंडो बंद झाली असं चौकोनामुळे एकदाही झालेलं नाही.

‘चौकोनामुळे’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण फुलीला नवा शेजारी मिळाला. हल्ली बरीच सॉफ्टवेअर टायटल बार आणि टूलबार एकाच पट्टीत कोंबतात. त्या पट्टीत डावीकडे काय असतं? मागे जायचा बाण! फाइली चाळताना मी हा बाण जितका वापरतो तितका चौकोन कधीच वापरत नव्हतो. एका फोल्डरमधून मागे यायला गेलो आणि विंडोच गायब, असं पहिल्या चार महिन्यांत निदान सहा-सात वेळा झालं. फायलींच्या विंडोत गमावण्यासारखं काही नसतं म्हणून निभावलं. पण आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दुसरा घोळ कोपऱ्याचा. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम असा, की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात फार सोयीचा, कारण कर्सर कितीही जोरात फेकला तरी कोपऱ्यातच अडकतो. नेम धरावा लागत नाही. पण डावा वरचा कोपरा केडीई आणि ग्नोम दोघांनीही आधीच देऊन टाकलाय, तिथे कर्सर नेला की सगळ्या उघड्या विंडो समोर पसरतात. मी ती सोय बंद केली. मग डावीकडे दुसरा मॉनिटर जोडला आणि कोपरा उरलाच नाही. कर्सर सरळ पलीकडे निसटतो. आता फुलीवर नेम धरूनच जावं लागतं. खरं सांगायचं तर फुलीच्या बाबतीत मला हे बरंच वाटतं. जे बटण दाबल्यावर काम जाऊ शकतं, ते डोळे मिटून सापडायला हवंच कशाला?

तिसरी तक्रार थोडक्यात : दोन सॉफ्टवेअर अशी आहेत की ती स्वतःची बटणं स्वतः रंगवतात आणि माझ्या सेटिंगला जुमानत नाहीत. त्यांची फुली उजवीकडेच. रोज वापरायची आहेत, त्यामुळे हात पूर्ण वळला असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

मॅकच्या ठिपक्यांबद्दल मित्राशी वाद झाला, तेही सांगतो. कर्सर जवळ नेल्याशिवाय त्यांच्यावरची चिन्हं दिसत नाहीत, त्यामुळे लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला जागा पाठ करूनच काम भागवावं लागतं. शिवाय २०१४ मध्ये योसेमिटी या मॅकच्या आवृत्तीत हिरव्या ठिपक्याचा अर्थच बदलला. विंडो पूर्ण पडदा व्यापायला लागली आणि जुनं काम हवं असेल तर ऑप्शन दाबून क्लिक करायचं. मित्राचं म्हणणं, सवय होते. होते की. मलाही झालीच.

ग्नोम ३ ने २०११ मध्ये उणे आणि चौकोन दोन्ही काढून फक्त फुली ठेवली होती, तेव्हा मी हसलो होतो. परवा कुतूहल म्हणून दिवसभर मोजलं. उणे तीनदा, चौकोन एकदा. टायटल बारवर डबल क्लिक केलं की विंडो मोठी होतेच, मग चौकोन हवा कशाला? शेवटी तो काढून टाकला. आता उजवीकडे एकटं उणे, डावीकडे एकटी फुली.

गेल्या आठवड्यात धाकटा भाऊ माझ्या मशीनवर बसला. काम संपल्यावर त्याने सवयीने उजव्या कोपऱ्यात क्लिक केलं, विंडो खाली गेली. त्याने ती वर काढली, पुन्हा तिथेच क्लिक केलं, पुन्हा खाली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दादा, तू हे बंद कसं करतोस?”

“कीबोर्डवरून. ऑल्ट-एफ४,” मी म्हणालो.